व्यासपीठ: हा शब्द कुठं वापरावा, कुठं नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावी साहित्य संमेलन आहे आणि सूत्रसंचालन पहिल्यांदाच तुमच्याकडे आलंय. पत्रिकेच्या मसुद्यात तुम्ही ‘व्यासपीठ’ लिहिलं. समितीतल्या एकांनी ते खोडून ‘विचारपीठ’ केलं, दुसऱ्यांचं म्हणणं ‘मंच’ लिहा, सुटसुटीत आहे. छापखान्यातून प्रूफ आलं त्यात ‘व्यासपिठावर’ असं होतं. तेव्हा यातलं बरोबर काय, हा शब्द खरंच व्यासांच्या नावावरून आलाय का, आणि भाषणाची सुरुवात ‘सन्माननीय व्यासपीठ’ अशी करणं योग्य आहे का, हे तुम्ही विचारलंय.

बेळगावात तीस वर्षांहून जास्त काळ मराठी शिकवलं. त्या काळात आणि नंतरही सप्ताहाच्या, संमेलनांच्या, वास्तुशांतीच्या किती पत्रिकांची प्रुफं तपासली त्याची मोजदाद नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांनी दरवर्षी आपापली साहित्य संमेलनं भरवायची, ग्रंथदिंडी काढायची, हे आपल्या भागाचं वैभव आहे, आणि त्या प्रत्येक पत्रिकेत हा शब्द असतोच. त्यामुळं तुम्ही विचारलंत याचा मनापासून आनंद झाला.

आधी प्रुफाचं उरकून घेऊ. ‘व्यासपिठावर’ चूक, ‘व्यासपीठावर’ बरोबर. मराठीत ‘पीठ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक भाकरीचं पीठ. ते संस्कृत ‘पिष्ट’ वरून घडत मराठीत आलं, म्हणजे तद्भव. विभक्ती लागली की त्याची पी ऱ्हस्व होते: पिठात मीठ, पिठाची गिरणी. दुसरं पीठ म्हणजे आसन, बसायची जागा. ते संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, तत्सम, म्हणून त्याची पी दीर्घच राहते: विद्यापीठात, शक्तिपीठाला, व्यासपीठावर. मुलांना मी सांगायचो, चक्कीवरचं पीठ पिठात जातं, बसायचं पीठ पीठातच राहतं. अक्षर जुळवणाऱ्याला दोष देऊ नका. ‘पिठावर’ हे रूप रोज कानावर पडतं, त्यामुळं हात तिकडंच वळतो. तुम्ही मात्र अंतिम प्रुफात ती वेलांटी स्वतः बघा.

आता मूळ प्रश्न. होय, शब्द व्यासांच्या नावावरूनच आलाय. पण ‘व्यासांचं आसन’ एवढ्यावर थांबलो तर शब्दातली खरी गोष्ट हातातून निसटते. ती मला पुस्तकात नाही सापडली, आजोळी सापडली.

आजोळी चातुर्मासात देवळाच्या मंडपात रोज संध्याकाळी पोथी चालायची. बहुतेक वर्षी श्रीधरांचा पांडवप्रताप. खांबाला टेकून एक लाकडी चौरंग, त्यावर घोंगडी, घोंगडीवर धुतलेला पांढरा पंचा. समोर पोथी, लाल फडक्यात बांधलेली. वाचणारे गृहस्थ एरवी शेतातच भेटायचे, गुडघ्यापर्यंत चिखल. संध्याकाळी मात्र आंघोळ करून येऊन ते त्या चौरंगावर बसले, की गावातला वयानं मोठा माणूसही खाली जमिनीवर बसायचा. एकदा दुपारी मंडप मोकळा बघून मी त्या चौरंगावर जाऊन बसलो. आजी फुलं घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, “उठ तिथनं. ती जागा व्यासाची हाय.” मी म्हटलं, आज्जी, तिथं तर गुंडूतात्या बसतात. “ते बसतात तवर ते व्यास,” ती म्हणाली, आणि पंच्यावरची माझ्या पायाची माती झटकली.

ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगितली, कारण शब्दाचा अख्खा अर्थ तिच्यात आहे. पोथी श्रीधरांची, वाचणारा गावचा शेतकरी, पण जागा व्यासांची. पुराण सांगणाऱ्यालाच परंपरेनं ‘व्यास’ म्हणतात. तो बसतो ते व्यासासन किंवा व्यासपीठ. पारायणाच्या आरंभी ‘नारायणं नमस्कृत्य’ हा श्लोक म्हणतात, त्यात नारायण, नर आणि सरस्वती यांच्याबरोबर व्यासांनाही नमस्कार येतो. म्हणजे बोलणारा आधीच कबूल करतो की मी जे बोलणार ते माझ्या घरचं नाही, मला कुणाकडून तरी मिळालेलं आहे. जुना दंडक असा, की पुराणिक त्या आसनावर बसला की कथेचा प्रसंग संपेपर्यंत कुणालाही नमस्कार करायचा नाही, राजा आला तरी. तो मान माणसाचा नव्हे, आसनाचा. आजच्या कार्यक्रमात पुष्पगुच्छ देण्याघेण्यासाठी व्यासपीठावरची मंडळी दर पाच मिनिटांनी उठतात-बसतात, तेव्हा मला तो दंडक हटकून आठवतो.

कीर्तनाची गोष्ट वेगळी. कीर्तनकार उभा राहतो आणि तो उभा राहतो ती ‘नारदाची गादी’. पुराण बसून, कीर्तन उभं राहून. एक व्यासांचं, एक नारदांचं. हा भेद आपल्या गावांत अजून पाळला जातो, हे विसरू नका.

व्यास हे नाव तरी मुळात कुठलं? महाभारतकारांचं जन्मनाव कृष्ण द्वैपायन: रंगानं सावळे म्हणून कृष्ण आणि द्वीपावर, यमुनेतल्या बेटावर जन्मले म्हणून द्वैपायन. ‘व्यास’ हे त्यांना कामावरून मिळालेलं नाव. वेद वेगवेगळे करून नीट मांडले म्हणून ते वेदव्यास; ‘विव्यास वेदान्’ असं महाभारतातच म्हटलंय. वि आणि अस् मिळून व्यास: पसरणं, सुटं करून मांडणं. याच्या उलट समास, म्हणजे एकत्र गोळा करणं. व्याकरणाच्या तासाला समासाचा ‘विग्रह’ करताना आपण व्यासाचंच काम करत असतो.

इथून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो हुशार मुलंच विचारतात: वर्तुळाचा व्यास आणि महर्षी व्यास यांचा काही संबंध? आहे, पण बापलेकाचा नाही, भावाभावाचा. दोन्ही एकाच धातूपासून आले. वर्तुळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेवढं पसरलंय ते अंतर म्हणजे व्यास. कन्नड शाळेतसुद्धा गणिताच्या पुस्तकात ‘व्यास’च आहे, त्यामुळं आपल्याकडच्या मुलांना हा शब्द दोन्हीकडून ओळखीचा.

‘व्यासंग’ मात्र या घरातला नव्हेच, आणि इथं भले भले घसरतात. ‘व्यासांसारखा अभ्यास म्हणजे व्यासंग’ असं एका संमेलनात एका वक्त्यांनी सांगितलं आणि टाळ्याही मिळवल्या. ऐकायला छान, पण खरं नाही. व्यासंग म्हणजे वि, आ आणि संग: एखाद्या गोष्टीला घट्ट चिकटून राहणं, तिच्यात गुंतणं. त्यात व्यास नाहीत, संग आहे. आपल्या भागात हा शब्द रोजच्या कागदावर भेटतो. कन्नडात ‘व्यासंग’ म्हणजे सरळ शिक्षण घेणं. शाळेतून मिळतं ते ‘व्यासंग प्रमाणपत्र’, म्हणजे शिक्षण घेतल्याचा दाखला. मराठीत व्यासंगी व्हायला आयुष्य घालवावं लागतं, कन्नडात पहिलीत नाव घातलं की व्यासंग सुरू. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर. मराठी भाषणात ‘त्यांचा व्यासंग बेळगावात झाला’ असं वाक्य आलं तर समजावं, की कन्नड अर्थ मराठी वाक्यात शिरला.

तसाच खुद्द ‘व्यासपीठ’ शब्दही कन्नडात निराळा आहे, आणि ते मला एका कार्यक्रमानं शिकवलं. शाळेत मराठी आणि कन्नड विभागांचा मिळून कार्यक्रम होता. बैठकीत मी म्हटलं, “व्यासपीठाची व्यवस्था अजून राहिली.” कन्नड विभागातल्या एक बाई लगेच म्हणाल्या, “त्याची काळजी नको सर, आमच्या घरी आहे, मी आणते.” दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून एक लाकडी वस्तू घेऊन आल्या: दोन फळ्या एकमेकींत अडकवलेल्या, कातरीसारखी उघडमीट होणारी, वर ग्रंथ ठेवून वाचता येईल अशी. मुस्लिम घरांत कुराण ठेवायला जी रेहल असते, अगदी तिच्याच घडणीची. कन्नडात तिला व्यासपीठ म्हणतात. बाईंच्या आजोबांची होती ती. तिच्यावर कुमारव्यासांचं कन्नड महाभारत ठेवून ते मोठ्यानं गाऊन वाचायचे; जिथं ग्रंथाच्या कडा टेकायच्या तिथं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. मी बराच वेळ तिच्यावरून बोटं फिरवत राहिलो. मराठीत व्यासपीठावर माणूस बसतो, कन्नडात व्यासपीठावर ग्रंथ बसतो. त्या दिवशी ती वस्तू आम्ही दीपप्रज्वलनाच्या समईशेजारी ठेवली, आणि तिच्यावर ज्ञानेश्वरी.

कुमारव्यास हेही कवीच्या नावावरून घडलेलं नावच. गदगच्या नारणप्पांनी पंधराव्या शतकात महाभारताची दहा पर्वं कन्नडात आणली आणि स्वतःला व्यासांचा पुत्र म्हणवलं. मराठीत ज्ञानेश्वर शेवटी म्हणतात की आपण ‘व्यासाचा मागोवा घेतु’ आलो, आणि पहिल्याच अध्यायात ‘व्यासोच्छिष्ट जगत्रय’ हे वचन घेऊन सांगतात की महाभारतात नाही ते तिन्ही लोकांत नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना दोन भाषांतल्या थोर कवींनी आपला हात एकाच नावाकडं पुढं केला. सीमाभागात राहणाऱ्याला हे घरबसल्या दिसतं, हे आपलं भाग्य.

कवीच्या नावावरून मराठीनं आणखीही शब्द केले: रामदासी, मोरोपंती, केशवसुती, मर्ढेकरी. पण ते शब्द त्या त्या कवीचे अनुयायी किंवा त्याची शैली सांगतात, आणि सांगताना कवीची आठवण जागी असते. ‘मर्ढेकरी प्रतिमा’ म्हणताना मर्ढेकर डोळ्यांसमोर असतातच. व्यासपीठ म्हणताना मात्र व्यास कुणाच्या मनात नसतात. नाव इतकं मुरलंय की दिसेनासं झालंय.

ते अजून जिवंत दिसतं ते सप्ताहात. आपल्या गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची किंवा ज्ञानेश्वरी पारायणाची पत्रिका काढून बघा. काकड आरती, पारायण, हरिपाठ, प्रवचन, कीर्तन, जागर असा क्रम आणि त्यात एक ओळ: ‘व्यासपीठ चालक: ह.भ.प. अमुक महाराज’. शहरातल्या वाचकाला वाटतं, हा स्टेजचा व्यवस्थापक असावा. तसं नाही. पन्नास-शंभर वाचक ओळीनं बसलेले, प्रत्येकापुढं ज्ञानेश्वरी, आणि समोर एकजण ओवीची चाल आणि गती धरून ठेवतो. कुठं थांबायचं, अध्याय कुठं संपवायचा, घाईनं पुढं पळणाऱ्या वाचकाला मागं कसं आणायचं, हे सारं त्याच्याकडं. अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या ठरल्या दिवसांत बसवायच्या, म्हणजे गळा आणि हिशेब दोन्ही लागतात. इथं ‘व्यासपीठ’ हा शब्द त्याच्या मूळ कामावर आहे: ग्रंथ, तो वाचणारा आणि ऐकणारे. तुमच्या गावात असे कुणी चालक असतील तर संमेलनाआधी त्यांना भेटा. सूत्रसंचालनाचे धडे त्यांच्याइतके नेमके कुणी देणार नाही.

देवळातून हा शब्द सभेत आला तो सहज. वक्ता उंचावर, श्रोते खाली, मध्ये ऐकण्याचं नातं. मग सभेतून तो आणखी पुढं गेला आणि लाकूड-तट्ट्या सोडून नुसता अर्थच उरला: ‘नवोदितांना व्यासपीठ मिळालं’, ‘दोन्ही नेते एका व्यासपीठावर आले’, ‘हे आमचं हक्काचं व्यासपीठ आहे’. बेळगावला हा शेवटचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. साहित्याचं व्यासपीठ अख्ख्या भाषिक समाजाचं झालं ते असं. त्यानंतर दहा वर्षांत राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, आपण इकडं राहिलो. तेव्हापासून गावोगावच्या संमेलनाचं व्यासपीठ म्हणजे वर्षातून एकदा, सगळ्यांदेखत, आपल्या भाषेत बोलायची जागा. म्हणून मी या शब्दाबद्दल एवढं लिहितोय.

आता तुमच्या समितीचा वाद. ‘मंच’ चुकीचा नाही. संस्कृतात मंच म्हणजे उंच बैठक, आणि मराठीत पलंगाला आपण मंचक म्हणतोच. हिंदीत सभेचं स्टेजही मंच, त्यामुळं तो शब्द टीव्हीवरून घराघरांत पोचलाय. नाटक, नाच, गाणं, वेशभूषा स्पर्धा यांना मी ‘रंगमंच’ किंवा सरळ ‘स्टेज’ लिहीन. तिथं ‘व्यासपीठावर नृत्य सादर होईल’ हे मला खटकतं, कारण व्यासपीठ ही बोलण्याची जागा आहे, बोललेल्या शब्दाला उत्तरदायी असण्याची. पण परिसंवाद, कविसंमेलन, अध्यक्षीय भाषण यांना ‘मंच’ लिहिलं तर काही बिघडत नाही, फक्त शब्द हलका होतो. कन्नडात याच जागेला ‘वेदिके’ म्हणतात. मूळ वेदिका म्हणजे यज्ञाची वेदी. कन्नडानं स्टेजला यज्ञाची जागा दिली, मराठीनं पुराणाची. दोन्ही भाषांत मिळून कार्यक्रम असेल तर मराठी वाक्यात ‘वेदिकेवरील मान्यवर’ म्हणू नका. मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढं होमकुंड येतं.

‘विचारपीठ’ सुचवणाऱ्यांकडं मात्र नीट लक्ष द्या. परिवर्तनवादी चळवळींच्या कार्यक्रमांत विचारपीठ, विचारमंच हे शब्द जाणून-बुजून वापरले जातात. त्यामागं भूमिका आहे: पुराणाच्या आसनावर बसायचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक लोकांनाच होता, ज्यांना तिथं बसू दिलं नाही त्यांनी आपली बैठक त्या नावानं का ओळखावी? हा प्रश्न खरा आहे आणि तो कुणी विचारला तर त्याला ‘शब्दच तर आहे’ असं म्हणून वाटेला लावू नये. माझ्या आजोळी गुंडूतात्या चौरंगावर बसायचे हे खरं, पण सगळ्याच गावांत आणि सगळ्यांच्याच वाट्याला तो चौरंग आला नाही, हेही तितकंच खरं. माझं स्वतःचं मत असं, की व्यास हे मत्स्यगंधेच्या पोटी, होडीवाल्यांच्या घरात वाढलेल्या मुलीच्या पोटी जन्मले. त्यांच्या नावाचं आसन कुणा एका जातीचं असूच शकत नाही, आणि म्हणून मी व्यासपीठ हाच शब्द वापरतो. पण ज्यांच्या घरी कार्यक्रम त्यांचा शब्द. तुमच्या समितीनं मिळून विचारपीठ ठरवलं, तर पत्रिकेत, फलकावर आणि तुमच्या तोंडीही शेवटपर्यंत विचारपीठच असू द्या. पत्रिकेत एक आणि माईकवर दुसरं असं झालं तर दोन्ही बाजूंना वाटतं, आपल्याला डावललं.

राहिलं ‘सन्माननीय व्यासपीठ’. वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलांची ही पेटंट सुरुवात: “सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो.” काही परीक्षक यावर गुण कापतात, लाकडाला कसलं संबोधन म्हणून. मी कधी कापले नाहीत. ‘सगळा गाव लोटला’ म्हणताना घरं लोटत नाहीत, माणसं लोटतात. तीच लक्षणा इथं. व्यासपीठ म्हणजे व्यासपीठावरची माणसं. उलट, ज्या शब्दात बसणाऱ्यापेक्षा आसनाचा मान मोठा आहे, त्यालाच वंदन करून बोलायला उभं राहणं मला योग्य वाटतं. पण सूत्रसंचालकानं ते वापरू नये. मुलांच्या तोंडी ती सुरुवात शोभते. तुमच्याकडं प्रत्येकाचं नाव आणि मान ठाऊक असतो, म्हणून ‘व्यासपीठावर उपस्थित संमेलनाध्यक्ष’, ‘स्वागताध्यक्ष’ असं नेमकं म्हणा. ‘विराजमान’ एकदाच, तेही अध्यक्षांसाठी. ‘व्यासपीठावर स्थानापन्न व्हावं’ चालेल, ‘व्यासपीठ ग्रहण करावं’ नको. ग्रहण करायचं ते आसन किंवा स्थान.

आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. बरीच गावं व्यासपीठाला गावातल्या दिवंगत माणसाचं नाव देतात: कुणी जुने शिक्षक, कुणी वाचनालय चालवलेले गृहस्थ. तुमच्या पत्रिकेतही ते आहे, पण नुसतं नावच. सुरुवातीला दोन मिनिटं काढून ते कोण होते हे सांगा. व्यासपीठ या शब्दात एक नाव दिसेनासं झालंय. दुसऱ्याचं तसं होऊ देऊ नका. त्यांच्या घरचं कुणी गावात असेल तर आधी जाऊन दोन गोष्टी विचारून घ्या: ते कुठलं पुस्तक सारखं वाचायचे, मुलांना कसे हाक मारायचे.

प्रूफ परत पाठवताना ‘व्यासपीठावर’ची पी दोन ठिकाणी आहे, मुखपृष्ठावर आणि आतल्या कार्यक्रमपत्रिकेत. मुखपृष्ठावरची दुरुस्त होते, आतली नेहमी राहून जाते. दोन्ही लाल शाईनं गोल करा.